पाळणाघर कसं निवडायचं आणि निवडल्यावर कसं टिकवायचं: चिपळूणच्या एका आईला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. बदलीने चिपळूणला आलेल्या एक ताई बँकेत आहेत. मुलगी सव्वा वर्षाची. नवरा लोट्याच्या एमआयडीसीत शिफ्टमध्ये. सासूबाई गुहागर तालुक्यात, गुरं आणि बाग सोडून त्यांना येता येत नाही. ताईंनी दोन जागा पाहिल्या आहेत. एक बाजारपेठेत तळमजल्यावर, प्लेस्कूलला जोडून असलेलं डे केअर: एसी खोली, रंगीत टेबलखुर्च्या, मोबाइलवर दिसणारे कॅमेरे. दुसरी गावाच्या वरच्या अंगाला एका काकूंच्या कौलारू घरी: बारा मुलं, मदतीला दोन बायका, खेळ पडवीत, झोप ओटीवर, मागे विहीर. पैशात फारसा फरक नाही. ‘कुठे ठेवू, आणि ठरवताना काय बघू?’ असं त्या विचारतात.

मी रत्नागिरीत बरीच वर्षं पाळणाघर चालवलं. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून नव्याने पाळणाघर सुरू करणाऱ्या बायकांना शिकवते. माझा ओढा कोणाकडे असणार ते तुम्हाला कळलंच असेल, तरी दोन्ही बाजू सांगते. सासूबाईंचा पर्याय तुम्ही बाजूला ठेवलात ते बरं केलंत. गोठा, बाग आणि नुकतं चालायला लागलेलं पोर या तिन्ही गोष्टी एकट्या बाईच्या अंगावर टाकल्या की दुपारी अडीचच्या सुमाराला तिघांपैकी एकाकडे दुर्लक्ष होतंच, आणि गुरं तर हंबरून सांगतात.

या वयाच्या मुलीसाठी मी पहिला प्रश्न एकच विचारते. दिवसभर तिला उचलणार कोण, आणि ती बाई पुढच्या वर्षी तिथे असेल का? आठ-नऊ महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत मुलं आईला सर्वांत जास्त चिकटलेली असतात. आई दिसेनाशी झाली की त्यांचा जीव कासावीस होतो. अशा वेळी मुलीला दुसरा एक ओळखीचा चेहरा लागतो, एकच, फार तर दोन. तो चेहरा दर तीन महिन्यांनी बदलत राहिला तर खोली कितीही सुंदर असो, मुलीला दर वेळी पहिल्यापासून रडावं लागतं. म्हणून पाळणाघर बघायला गेलात की मालकिणीशी बोलणं झाल्यावर मदतनीस बायकांशीही दोन शब्द बोला. किती वर्षं आहात, याआधी कुठे होतात, घर कुठे, गाडी किती वाजता. प्लेस्कूलमध्ये बरेचदा ‘दीदी’ म्हणून नुकत्या शिकलेल्या मुली असतात. हुशार असतात, गाणी छान म्हणतात, पण लग्न ठरलं किंवा बी.एड.ला नंबर लागला की जातात. त्यांचा दोष नाही. मात्र सव्वा वर्षाच्या मुलीला त्याची किंमत मोजावी लागते.

आता बघायला कधी जायचं. सगळे पालक सकाळी अकराला जातात. तेव्हा मुलं न्हालेली-धुतलेली, खाल्लेली आणि ताजी असतात, बायकाही ताज्या असतात. तुम्ही दुपारी चार-साडेचारला जा, न सांगता. झोपेतून उठलेली, ओली झालेली, भुकेली आठ-दहा मुलं एकदम किरकिरतात ती वेळ. एक कडेवर, एक पदराला धरून, एकाची चड्डी बदलायची, गॅसवर दूध. त्या बाईचा आवाज चढतो का, चढला तर कुणावर? रडणारं पोर आपण होऊन कोणाकडे जातं ते बघा. ज्या बाईकडे पोरं पळत जातात तिचं नाव लिहून ठेवा. तुमच्या मुलीची ती बाई.

एकदा दुपारच्या जेवणाला थांबायची परवानगी मागा. नाही म्हणाल्या तर तेही उत्तरच आहे. बाई मांडी घालून बसलेली, समोर तीन पोरं. तिघांच्या वाट्या वेगळ्या आहेत का, चमचे वेगळे आहेत का, की एकाच चमच्याची फिरवाफिरवी चाललीय? सर्दी एका घरातून बारा घरांत जाते ती त्या चमच्यावरूनही. मग तिचा हात बघा. मऊ भाताचा घास मुलाच्या ओठाशी नेऊन ती थांबते का? चांगली बाई थांबते. मूल तोंड उघडेपर्यंत चमचा हवेत असतो, तिची नजर मुलाच्या तोंडावर असते आणि नकळत तिचंही तोंड थोडं उघडतं. घाईतली बाई पहिला घास गिळायच्या आत दुसरा कोंबते, मुलाने मान फिरवली की डोकं धरून सरळ करते. असं दिसलं तर पुढचं काही बघू नका, उठून या.

संख्येचं गणित बोटांवर ठेवा. दोन वर्षांखालच्या चार मुलांमागे एक मोठं माणूस, पाच म्हणजे ताण, सहा झाली की सांभाळणं संपून राखण सुरू होते. तुमच्या काकूंकडे बारा मुलं आणि तीन बायका, म्हणजे कागदावर बरोबर बसतं. पण स्वयंपाक कोण करतं ते विचारा. काकूच करत असतील तर अकरा ते एक त्या चुलीशी, मग बारा मुलांमागे दोनच बायका. त्यातली एक मुलाला धुवायला न्हाणीघरात गेली की उरली एक. हा प्रश्न विचारल्यावर ज्या काकू ‘मी सकाळी सातलाच भात-वरण करून ठेवते, दुपारी फक्त गरम करते’ असं सांगतात त्यांनी याचा विचार आधीच केलेला असतो. मुलांची वयंही विचारा. बारापैकी पाच-सहा मुलं चार वर्षांची, अंगणवाडीतून जेवायला येणारी असतील तर काम खूप हलकं होतं, आणि लहानांना मोठ्यांचं बघून बोलायला लवकर येतं.

कॅमेऱ्याबद्दल माझं मत फार उत्साही नाही. तुम्ही काउंटरवर बसून रोकड मोजणार की पोरीला बघणार? काही घडलं तर मागे जाऊन बघायला त्याचा उपयोग होतो, हे मान्य. पण ज्या पडद्यावर तुमची मुलगी दिसते त्याच पडद्यावर ती बाकीच्या वीस घरांतही दिसते, कपडे बदलतानासुद्धा. म्हणून कॅमेरा कुठे लावलाय, कोण बघतं आणि चित्रण किती दिवस ठेवतात हे विचारायचंच. शिवाय कॅमेऱ्याला वास येत नाही. जुलैत तुम्ही आत पाऊल टाकलंत की पहिल्या श्वासात कळतं: कुबट, शू-शीचा, फिनेलचा की तुपाचा.

घरगुती पाळणाघरात एक प्रश्न विचारायला सगळ्यांनाच संकोच वाटतो, तरी तो विचारलाच पाहिजे. घरात आणखी कोण राहतं? निवृत्त झालेले काका, कॉलेजातला मुलगा, मुंबईहून येऊन-जाऊन असणारा भाचा, वरच्या खोलीतला भाडेकरू. कोणावर संशय घ्यायचा म्हणून नव्हे. मुलांना धुणं, कपडे बदलणं हे फक्त ठरलेल्या बायकाच करतात, बंद दाराआड कोणीही एकटं मुलाबरोबर नसतं, असा नियम घरात आहे का एवढंच कळायला हवं. हाच प्रश्न बाजारपेठेतल्या जागेलाही विचारा: व्हॅनचा ड्रायव्हर, शिपाई, दुरुस्तीला येणारी माणसं. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२ चा आहे आणि १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन क्रमांक तर भिंतीवर लिहिलेला असावा. हा प्रश्न ऐकून ज्या काकू रागावत नाहीत, उलट ‘बरं झालं विचारलंत’ म्हणतात, त्यांच्याकडे निम्मं काम झालं समजा.

कोकणातल्या घरात बघायच्या गोष्टी पुण्या-मुंबईच्या याद्यांत सापडत नाहीत. त्यामुळे इथे जरा थांबते.

पहिलं पाणी. विहिरीला कठडा असतो, पण कठडा मोठ्या माणसाच्या कंबरेचा हिशेब करून बांधलेला असतो. शेजारी पालथी घातलेली बादली असली की दोन वर्षांचं पोर त्यावर चढतंच. वर लोखंडी जाळी आणि तिला कुलूप हवं, शिवाय मागच्या दाराची कडी मुलांच्या हाताबाहेर हवी. पण मला विहिरीपेक्षा बादल्यांची भीती जास्त वाटते. मार्चनंतर नळाला एक दिवसाआड पाणी यायला लागलं की घरोघरी टब, पिंप, हंडे भरून ठेवतात. लहान मूल बादलीत डोकावताना तोंडावर पडलं की त्याला उठता येत नाही, चार बोटं पाणीसुद्धा पुरतं, आणि आवाज होत नाही. न्हाणीघराचं दार बाहेरून बंद असतं का, पिंपांवर घट्ट झाकणं आहेत का, हे स्वतः आत जाऊन बघा.

दुसरं जनावर. चिऱ्याचा गडगा, लाकडाची रास, परसात पडलेली नारळाची झापं इथे फुरसं, घोणस निघणार, यात नवल नाही. अंगण झाडलेलं आणि भिंतीलगतची अडगळ हललेली हवी. जुन्या कौलारू घरात विंचू असतात, आणि लहान मुलाला लाल विंचू चावणं ही जिवावरची गोष्ट आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपचार शोधून काढेपर्यंत कोकणात या विंचवाने कितीतरी मुलं नेली. आता औषध आहे, पण ते वेळेवर मिळालं तर. म्हणून अंथरूण घालण्याआधी दुपटी आणि गोधड्या झटकल्या जातात का ते बघा. आणि काकूंना सरळ विचारा, विंचू किंवा साप चावला तर काय कराल? ‘दोरी बांधू, अमक्याकडे उतरवायला नेऊ’ असं उत्तर आलं तर शहाण्या माणसाने तिथे मूल ठेवू नये. चावलं की थेट दवाखाना, मूल घामाने थबथबायची, हातपाय गार पडायची, उलट्या सुरू व्हायची वाट बघायची नाही. १०८ ला फोन, आणि कामथ्याचं उपजिल्हा रुग्णालय की डेरवणचं रुग्णालय, जवळ काय आणि गाडी कोणाची, हे आधीच ठरलेलं हवं. रिक्षावाल्याचा नंबर भिंतीवर असला तर मी त्या बाईला मनातल्या मनात नमस्कार करते.

तिसरं पाऊस. जूनपासून गणपतीपर्यंत कपडे वाळत नाहीत. ओलसर चड्डी घातली की दोन दिवसांत मांड्यांना पुरळ येतं. चांगल्या घरी चुलीच्या वर किंवा पंख्याखाली दोऱ्या बांधलेल्या दिसतात आणि प्रत्येक मुलाची पिशवी वेगळी टांगलेली असते. पावसाळ्यात तुम्ही रोज तीनऐवजी सहा जोड द्यायचे आहेत, हे काकूंनी न सांगताच.

आणि चिपळूणचा विषय निघालाय तर पुराचं बोलायलाच हवं. २२ जुलै २०२१ ला बाजारपेठेत काय झालं ते तुम्ही बाहेरून आलात तरी ऐकलं असेल. त्याआधी २००५ च्या जुलैतही पाणी होतं. वाशिष्ठीला पूर आणि खाडीला भरती एकदम आली की पाणी उतरायला जागा राहत नाही. तळमजल्यावरचं पाळणाघर म्हणून वाईट असं मी म्हणत नाही, पण त्यांच्याकडे वरच्या मजल्याची किल्ली आहे का, किती पाऊस झाला की पालकांना बोलावतात, मुलं हलवायची कुठे, याची उत्तरं त्यांनी विचार न करता द्यायला हवीत. ‘तशी वेळ येणार नाही’ हे चिपळुणात उत्तर होऊ शकत नाही. तुमच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. तुमचे मिस्टर लोट्याला, म्हणजे परशुराम घाटाच्या पलीकडे. मुसळधार पावसात दरड आली की घाट बंद होतो. म्हणजे मुलीला न्यायला येणारं दुसरं माणूस म्हणून त्यांचं नाव फॉर्मवर लिहाल ते पावसाळ्यात उपयोगाचं नाही. घाटाच्या अलीकडचं, चालत येऊ शकणारं कोणीतरी शोधा: बँकेतली सहकारी, घरमालकीण. तिला पाळणाघरात नेऊन ओळख करून द्या. फोटो काकूंकडे ठेवा.

खाण्याचं फार लांबवत नाही. उकड्या तांदळाची पेज, तूप-मेतकूट भात, नाचणीचं सत्त्व, मुगाचं वरण, केळं, हे ज्या घरी मिळतं तिथे पोर उपाशी राहत नाही. मासे देत असतील तर काटा काढणारी बाई कोण ते विचारा. घशात अडकणाऱ्या गोष्टींबाबत मात्र कडक राहा. अख्खे शेंगदाणे, काजू, चणे, खोबऱ्याचे तुकडे, जांभळाची बी, द्राक्ष: पाच वर्षांखालच्या मुलाच्या हातात नको, आणि आपल्याकडे मे महिन्यात ओटीवर करवंदं, जांभळं, आठळ्या सगळीकडे सांडलेल्या असतात. घास अडकला तर पाठीवर कसं थोपटायचं हे तिन्ही बायकांना येतं का? येत नसेल तर मुलांच्या डॉक्टरांना विनंती करून एका दुपारी शिकवून घेता येतं. डॉक्टर बहुधा नाही म्हणत नाहीत.

मूल घरी आल्यावर रोज मलूल असेल, पाळणाघरात चार-चार तास झोपत असेल आणि तरी संध्याकाळी पेंगत असेल, तर नीट चौकशी करा. मुलं गप्प राहावीत म्हणून सर्दीचं औषध पाजणारी पाळणाघरं असतात, हे मला ऐकीव नाही. तुम्ही लिहून दिल्याशिवाय कोणतंही औषध द्यायचं नाही, गुटीसुद्धा नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून टाका.

खेळणी, इंग्रजी कविता, वर्कशीट यांवर मी वेळ घालवणार नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला, याच किनाऱ्याच्या उत्तर टोकाला, काम सुरू केलं आणि मग अनुताई वाघांसोबत १९५७ पासून कोसबाडला. मुलं शाळेत येईनात तेव्हा या दोघींनी शाळा मुलांच्या अंगणात नेली. शिंपले, बिया, पानं, खडे हेच साहित्य केलं. लहान भावंडं सांभाळावी लागतात म्हणून मोठ्या मुली शाळेत येत नाहीत हे ओळखून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. देशभरच्या अंगणवाड्यांचं मूळ त्या अंगणांत आहे. तेव्हा काकूंच्या पडवीत करवंट्या, पळ्या आणि वाळूचं घमेलं असेल तर तुमच्या मुलीचं शिक्षण बुडत नाहीये. दिवसभर मोबाइल किंवा टीव्ही लावून ठेवत असतील तर मात्र बुडतंय, मग ते घर असो वा प्लेस्कूल.

कायद्याचं थोडक्यात. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली, पगारी रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराची सोय करण्याची जबाबदारी आली. आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभाही त्यात मिळाली. तुमच्या शाखेत एवढी माणसं नसतील, पण बँकेच्या विभागीय कार्यालयाला पाळणाघराच्या खर्चाबद्दल लेखी विचारायला काय जातं? लोट्याच्या कारखान्यांना मिळूनही एक पाळणाघर चालवता येईल, कायदा सामाईक सोय चालवून घेतो. मिस्टरांना विषय काढायला सांगा. सरकारची ‘पाळणा’ योजनाही आहे, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी, काही ठिकाणी अंगणवाडीला जोडून. तुमच्या भागात आहे का ते बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयात कळेल.

आता ज्यावर कोणी विचारत नाही त्याकडे येते. चांगलं पाळणाघर चांगलं राहावं यासाठी पालकांनी काय करायचं? समजा काकू मुलामागे तीन हजार घेतात. बारा मुलांचे छत्तीस हजार. दोन मदतनीस नऊ-नऊ हजारांवर, म्हणजे अठरा गेले. डाळ-तांदूळ, दूध, गॅस, साबण, वीज यांत आठ. काकूंना उरले दहा. आता मे महिना येतो. शिक्षक पालकांना सुट्टी, कोणी माहेरी, कोणी आंब्याला गावी. सहा मुलं महिनाभर येत नाहीत आणि पालक म्हणतात, ‘मूल आलंच नाही तर पैसे कसले?’ जमा झाले अठरा हजार, तेवढे दोघींच्या पगारालाच लागले. काकू एकीला सांगतात, ‘तू आता जूनमध्ये ये.’ ती बाई घरी बसत नाही. मे महिना म्हणजे आंब्याच्या कॅनिंगचा हंगाम, तिला तिथे रोजगार मिळतो, कदाचित जास्तच मिळतो, आणि जूनमध्ये ती परत येत नाही. पंधरा जूनला तुमची मुलगी परत जाते तेव्हा जिच्याकडे ती पळत जायची ती बाई नसते. पाऊस सुरू, मूल रडतंय, नवी बाई गोंधळलेली, आणि पालक म्हणतात पूर्वीसारखं राहिलं नाही. ते पूर्वीसारखं राहावं याचे पैसे मे महिन्यात द्यायचे होते.

म्हणून पहिल्याच भेटीत ठरवून टाका: बारा महिने फी, गैरहजेरीच्या महिन्यात निदान निम्मी, आणि पाच तारखेच्या आत. काकू भिडस्तपणे ‘राहू दे हो’ म्हणतील, तरी द्या. गौरी-गणपतीत आणि शिमग्याला पालखी घरी येते तेव्हा मदतनीस बायकांना रजा लागणार, हे धरून आपल्या रजा आधी लावा. त्या दिवसांत ‘अर्धा दिवस तरी उघडा ना’ असा आग्रह करणारे पालक मी फार बघितलेत, बहुतेक स्वतःच्या घरी पाच दिवसांचा गणपती असलेले.

वेळेचंही तसंच. सहाची वेळ म्हणजे सहा. तुम्हाला बँकेत वीस मिनिटं उशीर होतो तेव्हा तुमच्या मुलीसाठी थांबलेल्या बाईची साडेसहाची वस्तीची गाडी चुकते, आणि मग तिला वाडीपर्यंत अंधारात चालत जावं लागतं किंवा रिक्षाला दिवसाची मजुरी घालवावी लागते. मार्चअखेरला उशीर ठरलेलाच असेल तर आधी सांगा आणि त्या तासाचे वेगळे पैसे तिच्याच हातात द्या.

आजारी मूल सकाळी पॅरासिटामॉल पाजून आणून सोडायचं नाही. औषधाचा असर दुपारपर्यंत उतरतो, ताप परत चढतो, तोवर बाकीच्या अकरांना लागण झालेली असते आणि तुमचा फोन बँकेत सायलेंटवर. डोळे आले, जुलाब लागले, अंगावर पुरळ उठलं की घरी. रात्री झोपली नाही, सकाळी खाल्लं नाही, दात येतायत, हे सोडताना दोन वाक्यांत सांगा. त्या दोन वाक्यांवर बाईचा अख्खा दिवस सोपा होतो.

कधीतरी मुलीच्या दंडावर चाव्याची खूण दिसेल. दीड-दोन वर्षांची मुलं चावतात, शब्द अपुरे पडतात म्हणून. कोणी चावलं ते विचारू नका, काकूंनी सांगूही नये. तुम्ही बघायच्या आत, दारातच, ‘आज असं झालं, बर्फ लावला’ असं त्यांनी आपण होऊन सांगितलं का हे महत्त्वाचं. सांगणारी बाई लपवत नाही, आणि अशा बाईच्या हातात मूल निर्धास्त ठेवता येतं. तक्रार असेल तर आधी तिच्याशी, समोर बसून. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेल्या अर्धवट ओळीने पाळणाघर बंद पडलेलं मी पाहिलंय, आणि मग तेच पालक दुसरं शोधत फिरताना.

रुळवण्यासाठी रजा शिल्लक ठेवा, आठ-दहा दिवस तरी. पहिले दोन-तीन दिवस तुम्हीही तिथेच ओटीवर बसा, मुलगी खेळू दे. मग अर्धा तास बाहेर जा आणि परत या. मग जेवणापर्यंत, मग झोपेपर्यंत, शेवटी पूर्ण दिवस. जाताना सांगून जा. तिचं लक्ष नसताना सटकलात तर ती दुसऱ्या दिवशी तुमचा पदर सोडणार नाही, कारण लक्ष काढलं की आई नाहीशी होते हे तिला कळलेलं असतं. तुमच्या जुन्या, न धुतलेल्या साडीचं दुपटं तिच्याबरोबर द्या, झोपताना उपयोगी पडतं. दिवसभर नीट राहून संध्याकाळी तुम्हाला बघताच ती भोकाड पसरेल. त्याचा अर्थ तिला तिथे त्रास झाला असा नाही, दिवसभराचं तुमच्यासाठी राखून ठेवलेलं असतं. तीन-चार आठवडे जाऊ द्या. त्यानंतरही वजन घटत असेल, रात्री दचकून उठत असेल, एखाद्या विशिष्ट माणसाला बघून अंग चोरत असेल किंवा कपडे बदलू देत नसेल, तर मात्र भीड न ठेवता त्याच दिवशी काढा.

माझा कौल काकूंकडे. दोन मदतनीस जुन्या असतील आणि स्वयंपाक मुलं यायच्या आत होत असेल, तर एसी खोलीसाठी ते घर सोडू नका. मुलगी तीन वर्षांची झाली की प्लेस्कूलचा विचार करा, तेव्हा तिला त्याचा उपयोग होईल. अट फक्त विहिरीची. जाळी आणि कुलूप नसेल तर मुलीला पाठवायच्या आधी ते झालं पाहिजे. आणि त्याचा खर्च काकूंवर टाकू नका. बाकीच्या अकरा पालकांना भेटा, वेल्डरकडून अंदाज घ्या आणि बारा जणांत वाटून घ्या. काही जण म्हणतील, आमचं मूल तर पुढच्या वर्षी शाळेत जाणार. त्यांच्याकडूनही घ्या.